जुनी नाणी निघाली

विपुल संजनावर जळत होता, हे आडपडदा न ठेवता आधीच सांगून टाकलेलं बरं. दोघं एका शाळेतले. मराठीत विपुलला तिच्यापेक्षा नेहमी जास्त गुण. पण कर्जत स्टेशनाजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात जो येई तो “मॅडम आहेत का?” असंच विचारी. बाहेरच्या पाटीवर ठसठशीत रंगवलेलं होतं, ‘संजना मोकल, खासगी चौकशी’. विपुलचं नाव खाली, प्लास्टिकच्या चिकटपट्टीवर. तिचाही एक कोपरा उन्हाने सुटला होता.

त्यात त्या सकाळी जिना चढताना संजनाचा फोनवरचा आवाज त्याच्या कानावर पडला होता. “विपुलचं नाव काढायचंय. पाटीचं काम आहे, वेळ लागणार नाही. आज-उद्यात येऊन जा.”

तेव्हापासून तो खुर्चीत गप्प बसून होता. विचारायचं धाडस नव्हतं आणि विसरणं जमत नव्हतं. म्हणजे चिकटपट्टीचीही अडचण झाली म्हणायची.

अशा वेळी समीक्षा आली. तिशीतली, दहिवलीची, शिकवण्या घेणारी बाई. तिने बसल्या बसल्या सांगितलं, “आमची मोरी कोणीतरी फोडली.”

विपुलला हसू येणार होतं, पण तिचा चेहरा पाहून ते परतलं.

तिची सासू मोतीबाई खुब्याचं हाड मोडून पनवेलच्या इस्पितळात होती आणि परवा घरी यायची होती. जुन्या मोरीत पायरी, गुळगुळीत फरशी आणि खाली बसायचा संडास. त्यात म्हातारी पुन्हा पडली असती. म्हणून समीक्षाने आणि तिचा नवरा ओमकारने सगळं नव्याने करायला घेतलं. कमोड, भिंतीला धरायच्या दांड्या, खरखरीत टाइल. खर्चाचा अंदाज तिनेच मांडला होता.

“टाइल आणि नळ दुकानात दिसतात, म्हणून सगळे तेवढंच धरतात,” ती म्हणाली. “जमिनीखालचं कोणी धरत नाही. आम्हीही धरलं नव्हतं. आमच्या प्लंबरने, जगदीशने, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की थोडे पैसे बाजूला ठेवा, फरशी उघडल्यावरच खरं कळेल. आणि तसंच झालं. जुनी लाइन भलत्याच जागी निघाली, खर्च वाढला. ओमकार अंगणात त्याला वाटेल ते बोलला. सगळ्या आळीने ऐकलं.”

रागावर पाणी पडलं, काम पुरं झालं. आणि रविवारी घरची सगळी पनवेलला गेलेली असताना कोणीतरी भरदिवसा मागच्या दाराने शिरून मोरीचा कोपरा खणून काढला. शेजारणीने ठोकाठोक ऐकली होती. पण महिनाभर रोजच ठोकाठोक चाललेली, तिने कशाला डोकावावं?

“ओमकारचा संशय जगदीशवर. आईंना घरी आणलं की तो पोलिसांत तक्रार देणार आहे. जगदीश कोंडाण्याच्या वाडीवरचा, ठाकर. नुकता कुठे कर्जतमध्ये जम बसतोय त्याचा. एकदा असं नाव लागलं की त्याला कोणी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. आणि मला वाटतं, त्याने हे केलेलं नाही.”

संजनाने चपला घातल्या. विपुलने मनाशी ठरवलं की हे प्रकरण आपण सोडवायचं, तिच्या आधी, चार लोकांदेखत. मग काढू दे नाव.

*

दहिवलीचं घर जुनंच, मूळचं मोतीबाईचं, वाटणीत ओमकारला आलेलं. पुढे पडवी, मागे मोरी. मागच्या दाराची कडी आतून लावलेली असली तरी फटीतून चपटी काठी घालून उचलता येई. “घरच्यांना माहीत आहे ते,” समीक्षा म्हणाली, “आणि इतके दिवस कामाला येणाऱ्यांनाही.”

मोरीत नव्या टाइल झळकत होत्या. फक्त एका कोपऱ्यातल्या उखडल्या होत्या आणि तिथे कंबरभर खड्डा होता. शेजारून जाणारा नवा पाइप धडधाकट होता. कोणीतरी त्याला गोणपाट गुंडाळून मग खणलं होतं. भिंतीतल्या लाइनीला, कमोडला, नळांना ओरखडासुद्धा नव्हता.

खड्ड्याच्या काठावर बिडाचं एक जुनं, गंजलेलं बोजड भांडं पडलं होतं. पोट फुगीर, तोंड ठोकून फोडलेलं.

“हे खाली होतं,” समीक्षा म्हणाली. “पूर्वीच्या फरशीचं पाणी यातून जायचं. ते काढायचं तर चेंबरपर्यंत सगळं फोडावं लागलं असतं. म्हणून जगदीशने ते बंद करून तिथेच पुरलं आणि नवी लाइन बाहेरून नेली.”

“म्हणजे या कोपऱ्यात चालू असं काहीच नव्हतं?”

“काहीच नाही.”

मातीचे दोन ढीग होते. एकात ढेकळं आणि खडी, दुसऱ्यात बारीक राखी माती. संजना दुसऱ्या ढिगापाशी उकिडवी बसली, मूठभर माती उचलून बोटांतून सोडली, पुन्हा उचलली. त्या मातीत एकही खडा नव्हता.

“गवंड्याची उरलेली रेती,” विपुल म्हणाला.

“असेल,” संजना म्हणाली. तिचं ते “असेल” विपुलला फार लागायचं.

घरात आणखी कोण येतं-जातं हे तिने विचारलं. थोरला दीर साईनाथ, समीक्षा म्हणाली. कडावला त्याचा म्हशींचा गोठा. रोज सकाळी मागच्या दारी दुधाची किटली ठेवून जातो, पण आत पाऊल टाकत नाही. “आईंनी आमच्याकडे राहायचं ठरवलं तेव्हापासून त्यांचं तोंड वाकडं आहे. आंब्याचं झाड तुमच्याकडे, तांब्याचं घंगाळ तुमच्याकडे, आईंचे चांदीचे राणीछाप रुपये तुमच्याकडे, आणि आता आईपण तुमच्याकडे. एवढंच चालू असतं. घंगाळ माळ्यावर आहे, घेऊन जा म्हटलं तर तेही नेत नाहीत.”

विपुलने वहीत ‘घंगाळ’ लिहून त्याखाली रेघ मारली.

*

दुपारी तो एकटाच कोंडाण्याच्या वाटेला लागला. संजनाला म्हणाला, जगदीशला मी बघतो. लेण्यांच्या डोंगराखालच्या वाडीत जगदीश दारातच बसला होता. काम बंद, हत्यारांची पिशवी भिंतीला टेकवलेली.

“मीच बसवायचं आन मीच फोडायचं?” तो म्हणाला. “येडा हाय का मी?”

भांडणाबद्दल विचारलं तर त्याने लपवलं नाही. साहेब ओरडले, पण दुसऱ्या दिवशी शांत झाले. ते कसं, तर उरलेली फरशी उघडल्यावर त्याने मोरीतूनच हाक मारून सांगितलं होतं, “साहेब, जुनी नाणी निघाली. काढत बसलो तर सगळं घर उकरावं लागंल. तिथंच दाबून टाकतो, वरनं फरशी. कोणाला कळनार पन नाय.” त्यावर ओमकार म्हणाला होता, “टाक दाबून. पण दादाला यातलं काही बोलू नकोस.”

“दादाला का नाही?”

“खर्च वाढला ना. दादा आदीच टोमने मारत हुते, आईच्या नावावर बंगला सजवतोय म्हनून.”

हे कधीचं बोलणं, असं विपुलने विचारलं. सकाळचंच, कामाला हात लावता लावता, जगदीश म्हणाला. दूध नुकतं आलेलं, वैनींनी चहा टाकला होता.

विपुलने सगळं वहीत उतरवून घेतलं. मात्र ‘नाणी’ असं काही त्याच्या पेनातून उतरेना. अशुद्ध मराठी त्याला दातात खडा आल्यासारखी वाटे. त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘जुनी न्हाणी निघाली’.

संध्याकाळी संजनाने ते वाचलं, “म्हणजे जुनी मोरी खाली निघाली,” असं म्हणाली आणि वही परत दिली. तिला यात काही दिसलं नाही, याचा विपुलला आनंद झाला. कारण त्याचा माणूस ठरला होता.

*

तो माणूस म्हणजे निलेश. खालापूर फाट्यावर त्याचं नळ-पाइपांचं दुकान होतं आणि प्लंबिंगची कामंही तो घेई. समीक्षाने आधी त्याच्याकडूनच अंदाज मागवला होता आणि मग काम जगदीशला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी विपुल संजनाला घेऊन त्या दुकानात गेला.

जगदीशचं नाव काढताच निलेशचा चेहरा आंबट झाला. काल आलेलं पोरगं, तो म्हणाला. माझ्याच हाताखाली शिकला आणि आता माझीच गिऱ्हाईकं नेतोय. परवा तर एका बाईने मला फोन करून त्याचाच नंबर मागितला.

“रविवारी कुठे होतात?” विपुलने आवाज कडक करून विचारलं.

“दुकानात. कोन बगायला होतं म्हनाल तर कोन नाय. रविवारी गिऱ्हाईक नसतं.”

विपुलने संजनाकडे विजयी नजर टाकली. तिचं लक्षच नव्हतं. ती फळीवरचं एक प्लास्टिकचं भांडं हातात घेऊन पाहत होती. फुगीर पोटाचं, वर जाळी बसायला गोल तोंड.

“हे काय?”

“नाणी,” निलेश म्हणाला. “मोरीच्या फरशीत बसवतात. पानी जातं, वास अडतो. पूर्वी बिडाची यायची, आता ही.”

“नाणी म्हणता याला?”

“सगळेच म्हनतात.”

“न्हाणी,” विपुलने दुरुस्ती केली. “न्हाणं, न्हाणीघर, त्यातली. ह आहे त्यात. हे लोक खातात.”

संजना त्याच्याकडे बघत राहिली. “विपुल, जगदीश नेमकं काय म्हणाला होता? तू लिहिलंयस ते नको. तो म्हणाला तसं.”

विपुलने ते वाक्य जगदीशच्या सुरात म्हणून दाखवलं, ह सोडून. संजनाने ते भांडं हळूच फळीवर ठेवलं आणि कडावला जाऊ या म्हणाली.

*

साईनाथ गोठ्यात होता. पन्नाशीला आलेला, रुंद हाडांचा, पण अंगावर मांस न धरणारा माणूस. त्यांना पाहून त्याने हात धुतले आणि बाज पुढे ओढली.

दहिवलीच्या मोरीबद्दल आलोय, संजना म्हणाली. कोणीतरी खणलीय.

“समजलं,” साईनाथ म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, “काय सापडलं का?”

“नाही.”

त्याने मान खाली घातली. रविवारी पनवेलला का गेला नव्हता, तर म्हैस व्यायला झाली होती. मग तो आपणहूनच बोलू लागला. लहानपणापासून धाकटा आईचा लाडका. शेवटी म्हातारपणीही त्याच्याच दारी गेली. “मी मोरी नसती का बांदली तिच्यासाठी? मला कोनी इचारलंच नाय.”

 विपुलला त्याची कीव आली. आपल्याला कोणी विचारलं नाही, यातलं दुखणं त्याला चांगलं ठाऊक होतं. संजना मात्र गोठ्याच्या भिंतीकडे पाहत होती. तिथे भाताचा कोंडा चाळायची मोठी चाळण लटकत होती. तिच्या जाळीत कोंडा नव्हता, राखी रंगाची माती बसली होती.

*

मोतीबाईला आणलं त्या दिवशी संजनाने सगळ्यांना दहिवलीला बोलावलं. निलेशही आला, दुरुस्तीचं काम आपल्याला मिळेल या आशेने. म्हातारीला पडवीत उशाशी लोड देऊन बसवलं होतं. ओमकार जगदीशकडे पाहतही नव्हता. तक्रारीला जायला त्याने मोटरसायकल दारातच उभी ठेवली होती.

संजनाने तोंड उघडायच्या आत विपुल उभा राहिला.

“हे काम निलेशचं आहे,” तो म्हणाला. “जगदीशवर त्याची जळफळ. जगदीशचं काम बिघडवलं की नाव जगदीशचं जातं आणि गिऱ्हाईक परत येतं. रविवारी तो कुठे होता याला साक्षीदार नाही.”

निलेश ताडकन उठला. संजनाने त्याला हाताने बसवलं.

“जळतो तो, खरं आहे,” ती म्हणाली. “पण विपुल, दुसऱ्या प्लंबरचं काम बिघडवायचं तर प्लंबर काय फोडेल? भिंतीतली लाइन. एक घाव घातला की सगळ्या टाइल उतरवाव्या लागतात. इथे तर खणणाऱ्याने नवा पाइप गोणपाट गुंडाळून सांभाळला. ज्याला नासधूस करायची तो पाइप सांभाळत नाही. आणि कोपरा कुठला निवडला, तर जिथे चालू असं काहीच नाही. निलेश असो की जगदीश, दोघांनाही कळलं असतं की तिथे फोडून कोणाचंच काही अडत नाही.”

विपुल खाली बसला. कान तापले होते त्याचे.

“मग तिथे खणायचं कशाला? मातीने सांगितलं. बारीक माती वेगळी, खडी वेगळी. ती रेती नव्हती, चाळलेली माती होती. चाळतो कोण? ज्याला बारीक काहीतरी शोधायचंय तो. त्याने ते बिडाचं भांडंही तोंड फोडून रिकामं केलं. त्याला वाटलं, पुरलेला हंडा सापडला.”

“हंडा?” ओमकार म्हणाला. “आमच्या मोरीत?”

“तुमच्याच घरात बोललेलं वाक्य आहे. जगदीश, ओमकारना काय म्हणाला होतास?”

जगदीशने गोंधळून तेच वाक्य म्हटलं. जुनी नाणी निघाली. काढत बसलो तर सगळं घर उकरावं लागंल. तिथंच दाबून टाकतो.

“आणि ओमकार म्हणाले, टाक दाबून, पण दादाला बोलू नकोस,” संजना म्हणाली. “प्लंबरसाठी नाणी म्हणजे ते भांडं. विपुलसाठी न्हाणी. पण ज्याला प्लंबरची बोली ठाऊक नाही, ज्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं आईचे राणीछाप रुपये आहेत, आणि जो सकाळी दुधाची किटली घेऊन मागच्या दारात उभा आहे, त्याने काय ऐकलं असेल?”

 सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या.

“आम्ही सगळ्यांशी बोललो. खणून काय मिळालं, हे दुसऱ्या कोणीच विचारलं नाही. एकट्या साईनाथदादांनी विचारलं, काय सापडलं का. आणि त्यांच्या चाळणीत इथली माती आहे.”

साईनाथ खांबाला टेकून उभा होता. नाकारण्याचं त्याच्या मनातही आलं नसावं.

“होय, मीच खनली,” तो म्हणाला. “ह्यांनी माज्यापासनं लपवलं. दादाला बोलू नको म्हनला, मी या कानांनी ऐकलं. घर त्याला, आई त्याला. निदान आईची नानी तरी अर्धी माजी नव्हती का?”

“अरे दादा, खर्चाचं म्हणत होतो मी,” ओमकार कळवळून म्हणाला.

तेवढ्यात लोडाला टेकलेल्या मोतीबाईने हात वर केला. आवाज बारीक होता, पण पडवी गप्प झाली.

“नानी कुटं हाईत ते मला इचारायचं हुतं, साईनाथा. मी का मेले हुते?”

“कुटं हाईत?”

“तुज्या अंगात.”

साईनाथ तिच्याकडे पाहत राहिला.

“तुजा बाप गेला त्या साली तुला कावीळ झाली. डोळं हळदीसारकं. पनवेलला टाकला तुला. पैसं कुटनं आनलं म्या? एकेक रुपाया मोडला सोनाराकडं. शेवटचा मोडला आन दुसऱ्या दिशी तू पेज मागितलीस.” तिने दम घेतला. “ओमकारला बोर्डिंगच्या शाळंत घालायचा हुता त्याच पैशात. नाय घातला.”

ओमकारच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उमटलं. विपुलने ते ओळखलं, कारण आरशात त्याने ते पुष्कळदा पाहिलं होतं. मग ओमकारने मान फिरवली आणि ते गेलं.

“मला कदी बोलली नाय तू,” साईनाथ कसाबसा म्हणाला.

“आजारातनं उठल्याल्या पोराला कोन खर्च सांगतं काय?”

साईनाथ खाली बसला आणि त्याने आईचे पाय धरले. आवाज न करता रडला तो. म्हातारीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, मग त्याच हाताने टपली मारली.

“आता मला आंगुळ घालनार का नुसतं रडत बसनार? इस्पितळाचा वास मारतोय मला.”

साईनाथने डोळे पुसले आणि उठून जगदीशपुढे उभा राहिला. “चुकलो रं,” तो म्हणाला. “तुज्यावर आळ आला आन मी गप बसलो. ती नानी परत कशी दाबायची, दाव मला.”

जगदीशने त्याच्या हातात घमेलं दिलं. ओमकारने मोटरसायकल अंगणातून मागे घेतली, सिमेंट आणायला गेला. माळ्यावरचं घंगाळ समीक्षाने तेवढ्यात खाली काढलं आणि म्हातारीसाठी अंगणात पाणी तापत ठेवलं.

*

परतताना दोघं रिक्षात बसले. दहिवलीचा पूल ओलांडल्यावर विपुलने विचारलं, “तुला संशय त्या शब्दावरून आला. पण तो माणूस इतकं वेडंवाकडं ऐकेल, हे कशावरून वाटलं?”

“जळणारा माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो,” संजना म्हणाली आणि बाहेर पाहू लागली.

ऑफिसखाली शिडी लावलेली होती. शिडीवर रंगारी. चिकटपट्टी खरवडून खाली टाकली होती. विपुलने ती उचलली. मग त्याने वर पाहिलं. संजनाच्या नावाशेजारी, त्याच मापात, खडूने चौकट आखून एक ‘वि’ रंगवून झाला होता.

“साहेब, बरं झालं आलात,” रंगारी वरून म्हणाला. “मॅडमनी फोनवर नाव काढायला सांगितलं, पण एक विचारायचं राहिलं. तुमचा पु पहिला काढू का दुसरा?”

विपुलने संजनाकडे पाहिलं. ती केव्हाच जिना चढून गेली होती.

“पहिला,” तो म्हणाला. मग शिडी हलू नये म्हणून ती खालून धरून उभा राहिला.